सकाळी सपाट, संध्याकाळी तटतटलेले: पोटफुगीवर घरी करता येण्याजोगे उपाय

प्रश्न असा आहे: गेले आठ महिने सकाळी उठताना पोट सपाट असते, दुपारच्या जेवणानंतर ते हळूहळू फुगू लागते आणि संध्याकाळपर्यंत इतके तटतटते की कमरेचे कपडे सैल करावे लागतात. वय ३६ वर्षे, वजन स्थिर, रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या आणि सोनोग्राफी यांत काही दोष आढळलेला नाही. दूध, गहू आणि कडधान्ये या तिन्ही गोष्टी एकदमच सोडून पाहिल्या, गॅसच्या गोळ्या आणि पाचक चूर्णे घेऊन पाहिली, पण घटकाभराच्या आरामापलीकडे काही हाती लागले नाही. तेव्हा घरच्या घरी नेमके काय करावे?

पोटाच्या विकारांवर उपचार करण्यात माझी २० हून अधिक वर्षे गेली आहेत आणि जवळजवळ याच शब्दांत मांडलेली तक्रार मी आठवड्यातून अनेकदा ऐकतो. आपल्या वर्णनातील सर्वांत मोलाचे शब्द माझ्या दृष्टीने ‘सकाळी सपाट’ हे आहेत. चरबी, पोटात साठलेले पाणी किंवा एखादी गाठ रात्रीतून नाहीशी होत नाही. जे पोट झोपेत आपोआप खाली बसते आणि दिवसभरात पुन्हा वर येते, त्यामागे बहुतेक वेळा आतड्यांच्या हालचालीचा, त्यांच्या संवेदनशीलतेचा किंवा पोटाच्या स्नायूंच्या वागणुकीचा प्रश्न असतो, आणि म्हणूनच घरगुती उपायांना येथे पुष्कळ वाव आहे. आपले चुकले ते इतकेच, की पोट कशामुळे फुगते हे ठरण्याआधी त्यावर काय घ्यावे आणि काय सोडावे हे ठरले. अशा वेळी एखादा उपाय लागू पडला तरी तो कोणता होता हे कळत नाही, आणि लागू पडला नाही तर आणखी एक पदार्थ ताटातून कमी होतो.

सर्वसाधारण समज असा आहे की पोट फुगते म्हणजे आत फार गॅस तयार होतो. हा समज अर्धाच खरा आहे. निरोगी माणसाच्या आतड्यांत कोणत्याही क्षणी साधारण १०० ते २०० मिलिलिटर वायू असतो, म्हणजे पेलाभरसुद्धा नाही. दिवसभरात मिळून साधारण अर्धा ते दीड लिटर वायू खालून बाहेर पडतो आणि त्यासाठी दिवसातून १० ते २० वेळा वायू सरणे पूर्णपणे स्वाभाविक आहे. त्यातील ९९ टक्क्यांहून अधिक भाग नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन आणि मिथेन या गंधहीन वायूंचा असतो. वास येतो तो अत्यल्प प्रमाणात असलेल्या गंधकयुक्त संयुगांमुळे, त्यामुळे वासावरून गॅस किती झाला हे ठरवता येत नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतील मायकेल लेव्हिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्गॉन हा निष्क्रिय वायू आतड्यांत सोडून आतला सगळा वायू बाहेर काढला व मोजला, तेव्हा ‘फार गॅस होतो’ असे सांगणाऱ्यांच्या आणि अशी तक्रार नसणाऱ्यांच्या पोटातील वायूच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. तक्रार असलेल्यांमध्ये मात्र तो वायू नीट पुढे सरकत नव्हता, काही वेळा जठराकडे उलटा फिरत होता, आणि तेवढ्याच वायूने त्यांना अधिक दुखत होते.

यापुढचा शोध मला त्याहूनही रंजक वाटतो. बार्सिलोना येथील संशोधकांनी पोट फुगलेले असताना आणि नसताना सीटी स्कॅन काढून तुलना केली. एरवी जेवणाने पोट भरले की छाती आणि पोट यांच्यामधील पडदा, म्हणजे श्वासपटल, थोडे सैल होऊन वर सरकते आणि पोटाची पुढची भिंत किंचित आवळली जाते. त्यामुळे आत आलेल्या अन्नाला जागा मिळते आणि पोट बाहेर येत नाही. पोट फुगण्याची तक्रार असलेल्या अनेकांत याच्या नेमके उलट घडताना दिसले: श्वासपटल खाली दाबले गेले, पुढची भिंत ढिली पडली, आणि आतला वायू फारसा वाढलेला नसतानाही पोट पुढे आले. म्हणजे कपडे घट्ट होतात ही आपली तक्रार काल्पनिक नाही, पोट खरोखरच वाढते. पण ते वाढवणारा वायूच असेल असे नाही. एखाद्याला गॅसच्या दहा गोळ्यांनी आराम पडत नाही आणि श्वासाच्या व्यायामाने पडतो, याचे कारण इथे आहे.

त्यामुळे पहिला आठवडा कोणताही उपाय न करता केवळ पाहण्यात घालवावा, असे मी प्रत्येक रुग्णाला सांगतो, आणि बहुतेकांना हे सांगणे आवडत नाही. शिंप्याकडे असते तशी कापडी मोजपट्टी घेऊन सकाळी शौचानंतर आणि रात्री झोपण्यापूर्वी, उभे राहून, श्वास सहज सोडल्यावर बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर मोजावा. त्याच वहीत जेवणाची वेळ, काय आणि किती खाल्ले, ते किती मिनिटांत संपले, फुगणे केव्हा सुरू झाले, शौचास कसे झाले, झोप कशी लागली आणि मासिक पाळीचा कितवा दिवस आहे एवढे लिहावे. जेवता जेवताच किंवा अर्ध्या तासाच्या आत वरचे पोट गच्च होत असेल, तर संशय जठरावर, गिळलेल्या हवेवर किंवा भराभर जेवण्यावर घ्यावा. दोन-चार तासांनी बेंबीखालचे पोट फुगून वायू सरत असेल, तर मोठ्या आतड्यात काहीतरी आंबते आहे असे समजावे. दिवस चढेल तसा घेर वाढत जातो, खाण्याशी त्याचा नेमका संबंध लावता येत नाही आणि शौच झाले की पोट हलके वाटते, अशा वेळी साठलेल्या मळाचा विचार आधी करावा. आणि घेर फारसा न बदलताच पोट तुडुंब भरल्यासारखे वाटत असेल, तर प्रश्न आतड्यांच्या वाढलेल्या संवेदनशीलतेचा आहे. तो खोटा नाही, पण त्याचा उपाय वेगळा आहे.

या सर्वांत घरी सर्वाधिक दुर्लक्षित राहणारे कारण म्हणजे बद्धकोष्ठता. ‘मला रोज होते’ असे सांगणाऱ्या रुग्णांपैकी पुष्कळांना रोज होते, पण पूर्ण होत नाही. कुंथावे लागणे, खड्यांसारखा कडक मळ, झाल्यावरही काही राहिले आहे असे वाटणे, ही सगळी बद्धकोष्ठतेचीच लक्षणे आहेत, मग शौच रोज होत असो वा नसो. मळ साठलेल्या आतड्यात वायूची वाट अडते, आणि तोच मळ जिवाणूंना आंबवण्यासाठी अधिक वेळ मिळवून देतो. यावरचे साधे उपाय असे आहेत. सकाळी काही खाल्ल्यानंतर मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते. त्या वेळी, घाई नसताना, दहा मिनिटे शौचालयासाठी राखून ठेवावीत आणि आलेला वेग कधीही दाबू नये. कमोडवर बसत असल्यास पायांखाली साधारण वीतभर उंचीचे पाट किंवा स्टूल घेऊन गुडघे कमरेपेक्षा वर आणावेत आणि किंचित पुढे झुकावे, कारण त्याने गुदमार्गाचा कोन सरळ होतो. तंतुमय पदार्थ वाढवायचे तर ते हळूहळू वाढवावेत. गव्हाचा कोंडा एकदम सुरू केला तर पोट आधीपेक्षा जास्त फुगते आणि मनुष्य ‘मला फायबर सोसत नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. इसबगोल आतड्यात सावकाश आणि कमी आंबतो, त्यामुळे पोट फुगणाऱ्यांना तो अधिक मानवतो. तोही एका चहाच्या चमच्याने, पेलाभर पाण्यासोबत सुरू करून दर आठवड्याला थोडा वाढवावा, इतर औषधांपासून दोन तासांच्या अंतराने घ्यावा, आणि ज्यांना गिळण्यास त्रास आहे किंवा ज्यांच्या आतड्यात अडथळ्याची शंका आहे त्यांनी तो घेऊ नये. दिवसाला दोन किवी फळांनीही अनेकांना चांगला गुण येतो. सुके आलुबुखार पोट साफ करते हे खरे, पण त्यातील सॉर्बिटॉल या पुरत्या न शोषल्या जाणाऱ्या गोड पदार्थामुळे काहींचे पोट फुगते. बद्धकोष्ठतेसाठी लॅक्ट्युलोजचे गोड पातळ औषध चालू असेल, तर तेही आतड्यात आंबते आणि फुगवटा वाढवू शकते, हे रुग्णांच्या सहसा लक्षात येत नाही. अशा वेळी डॉक्टरांना विचारून पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारखे न आंबणारे औषध घेता येते.

गिळलेल्या हवेबद्दल थोडक्यात सांगतो. भराभर जेवणे, जेवताना सतत बोलणे, च्युइंगम चघळणे, नळीने पिणे, धूम्रपान करणे आणि अस्वस्थतेत वारंवार आवंढे गिळणे यांनी हवा पोटात जाते आणि ती मुख्यतः ढेकरांवाटे परत येते. फसफसणाऱ्या थंड पेयात त्याच्या आकारमानाच्या तिपटीहून अधिक कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. पोट हलके व्हावे म्हणून ते पिणारा मनुष्य गॅस काढण्यासाठी गॅस पीत असतो, आणि त्या ढेकरेने आपला गॅस निघाला असे समजतो. मुद्दाम ढेकर काढण्याची सवय जडली असेल तर ती मोडावी, कारण प्रत्येक ओढून आणलेल्या ढेकरेआधी नवी हवा आत घेतली जाते. जेवणाला किमान २० मिनिटे द्यावीत. हा सल्ला इतका जुना आणि साधा आहे की कोणी तो मनावर घेत नाही, पण भराभर जेवणाऱ्या रुग्णांत मला त्याचा गुण गोळीपेक्षा अधिक दिसला आहे.

आता आहाराकडे येतो, कारण आपली खरी गुंतागुंत तिथे झाली आहे. काही शर्करा लहान आतड्यात पुरत्या शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढून घेत मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तेथील जिवाणू त्यांचे वायूत रूपांतर करतात. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील मोनॅश विद्यापीठात या गटाला ‘फॉडमॅप’ असे नाव मिळाले. त्यात कांदा, लसूण व गहू यांतील फ्रुक्टान, कडधान्यांतील रॅफिनोज व स्टॅकिओज, दुधातील लॅक्टोज, सफरचंद, आंबा व मध यांतील जास्तीचे फ्रुक्टोज, आणि ‘शुगर फ्री’ गोळ्यांतील सॉर्बिटॉल व त्याचे भाईबंद मोडतात. कडधान्यांतील शर्करा तोडणारे विकर मनुष्याच्या आतड्यात मुळी तयारच होत नाही, त्यामुळे कडधान्यांनी थोडाफार वायू होणे हा आजार नव्हे. ती रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात मऊ शिजवली की या शर्करांचा बराच भाग निघून जातो. सॉर्बिटॉलचे ५ ते १० ग्रॅमसुद्धा अनेकांचे पोट फुगवण्यास पुरेसे असतात. तोंडाचा वास जावा म्हणून दिवसभर साखरविरहित च्युइंगम चघळणारा माणूस हवा आणि सॉर्बिटॉल अशा दोन्ही वाटांनी एकच त्रास ओढवून घेत असतो.

फॉडमॅप कमी करण्याची पद्धत उपयोगी आहे, पण ती तीन टप्प्यांची आहे आणि बहुतेक लोक पहिल्याच टप्प्यात अडकून पडतात. पहिल्या टप्प्यात दोन ते सहा आठवडे हे पदार्थ कमी करायचे असतात. दुसऱ्यात एकेक गट वाढत्या प्रमाणात तीन-तीन दिवस परत आणून पोटाची प्रतिक्रिया पाहायची असते. तिसऱ्यात जे सोसते ते सर्व पुन्हा खायचे आणि जे सोसत नाही तेवढेच, तेही सोसेल त्या प्रमाणापर्यंत, मर्यादित ठेवायचे असते. सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर हा आहार आपल्यासाठी नाही असे समजून सोडून द्यावा. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही वर्ज्य पदार्थांची लांबलचक यादी रुग्णांच्या हाती देत असे. त्यांतील काही जण वर्षभराने बारीक, खाण्याला घाबरणारे आणि तरीही पोट फुगलेले असे परत आले, तेव्हापासून मी एकही पदार्थ परत कधी आणायचा हे सांगितल्यावाचून बंद करत नाही. ज्यांचे वजन आधीच कमी आहे, ज्या गरोदर आहेत किंवा ज्यांना खाण्याविषयी धास्ती बसली आहे, त्यांनी हा प्रयोग आहारतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय मुळीच करू नये.

आपण सोडलेल्या तीन पदार्थांपैकी दुधाचा निकाल घरीच लावता येतो. जगातील प्रौढांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोकांची लॅक्टोज पचवण्याची शक्ती वयानुसार कमी होते, पण कमी होणे म्हणजे संपणे नव्हे. त्यांतील बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण एक कप दूध, विशेषतः जेवणासोबत घेतल्यास, त्रास देत नाही, आणि दह्यातील जिवाणू लॅक्टोज पचवण्यास मदत करत असल्याने दही अधिक सोसते. दोन आठवडे दूध बंद ठेवून फरक नसेल तर दूध दोषी नाही. गव्हाचे प्रकरण अधिक नाजूक आहे. गव्हाने पोट फुगणाऱ्या अनेकांत दोष ग्लूटेन या गव्हातील प्रथिनाचा नसून फ्रुक्टानचा असतो. परंतु साधारण शंभरात एका व्यक्तीला सीलिअॅक नावाचा खरा ग्लूटेनजन्य आजार असतो, आणि त्याची रक्ततपासणी गहू चालू असतानाच विश्वासार्ह ठरते. ही तपासणी आपली झालेली नसेल, किंवा गहू बंद असताना झाली असेल, तर गहू पुन्हा सुरू करून किमान सहा आठवडे रोज एकाहून अधिक जेवणांत खावा आणि मग ती करून घ्यावी. रक्तातील आयजीजी हे प्रतिपिंड (अँटिबॉडी) मोजून शंभर पदार्थांची ‘असहिष्णुता’ सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांवर मात्र पैसे घालवू नयेत. एखाद्या पदार्थाविरुद्धचे ते प्रतिपिंड तो पदार्थ आपण खातो एवढेच सिद्ध करतात.

पोट आत्ता फुगले आहे आणि आत्ता आराम हवा, अशा वेळी पहिला उपाय म्हणजे उठून चालणे. वायू आडव्या स्थितीपेक्षा उभ्या स्थितीत लवकर पुढे सरकतो आणि हलक्या व्यायामाने त्याला आणखी गती मिळते, हे आतड्यांत वायू सोडून केलेल्या प्रयोगांत दिसले आहे. म्हणून जेवणानंतर लगेच आडवे होण्याऐवजी १० ते १५ मिनिटे सावकाश चालावे. त्यानेही भागले नाही तर पाठीवर झोपून एकेक गुडघा आणि मग दोन्ही गुडघे छातीशी घ्यावेत. पवनमुक्तासन या नावातच त्याचा हेतू सांगितलेला आहे. पोट चोळायचे असेल तर मोठ्या आतड्याच्या दिशेने चोळावे: उजव्या बाजूला खालून वर, बरगड्यांखालून डावीकडे, आणि डाव्या बाजूने खाली. हलक्या दाबाने पाच-दहा मिनिटे पुरतात. कोमट पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवल्याने स्नायू सैल होतात आणि कळ कमी होते. ती फुगवट्याचे कारण दूर करत नाही, पण दुखणाऱ्या माणसाला आराम ही काही लहान गोष्ट नाही.

पुदिन्याच्या तेलातील मेन्थॉल आतड्याच्या स्नायूंची पेटकी सैल करते आणि आतड्यातच विरघळणाऱ्या वेष्टनाच्या कॅप्सूलमधून ते घेतल्यास कळ व फुगणे यांवर चांगला उपयोग होतो. पुदिन्याच्या चहाने तेवढा नाही. छातीत जळजळ होत असेल तर ते टाळावे, कारण अन्ननलिकेचे खालचे दारही त्याने सैल होते. आले जठर रिकामे होण्यास थोडी मदत करते, बडीशेपेने अनेकांना बरे वाटते. दोन्ही निर्धास्त घ्यावीत, पण त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. गॅसच्या गोळ्यांतील सिमेथिकोन बुडबुड्यांचा पृष्ठताण कमी करून लहान बुडबुड्यांचे मोठे बुडबुडे करते, जेणेकरून ते सहज बाहेर पडावेत. ते शरीरात शोषले जात नसल्याने निर्धोक आहे, परंतु वायू तयार होणे त्याने थांबत नाही. कोळशाच्या गोळ्यांचा उपयोग अनिश्चित आहे आणि त्या इतर औषधेही शोषून निकामी करतात. खाण्याचा सोडा पाण्यात घालून पिणे मी नेहमी थांबवतो: तो जठरातील आम्लाशी मिळून नवा कार्बन डायऑक्साइड तयार करतो, आणि अर्ध्या चमच्यातून साधारण ६०० मिलिग्रॅम सोडियम पोटात जाते, जे रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना हितावह नाही. प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जिवाणूंचे औषध, घ्यायचेच असेल तर एकच प्रकार निवडून महिनाभर घ्यावे आणि वहीत फरक दिसला नाही तर बंद करावे.

आपल्या वर्णनाचा विचार करता मी सर्वाधिक भर देईन तो श्वासावर, जरी पोटासाठी आलेल्या रुग्णाला श्वासाचा व्यायाम सांगितला की त्याचा चेहरा पडतो. पोट फुगल्याची जाणीव होताच आपण नकळत छाती फुगवून, वरवरचा श्वास घेऊ लागतो; त्याने श्वासपटल खालीच दाबलेले राहते आणि पोट आणखी पुढे येते. जेवणापूर्वी आणि जेवणानंतर, पाठीला आधार देऊन सैल बसून, एक हात छातीवर आणि एक बेंबीवर ठेवावा. नाकाने सुमारे चार सेकंद श्वास घ्यावा, छातीवरचा हात शक्यतो स्थिर राहील आणि पोटावरचा हळूच उचलला जाईल असा. मग सहा सेकंदांत, ओठ किंचित मिटून, सावकाश श्वास सोडावा आणि सोडता सोडता बेंबी हलकेच आत जाऊ द्यावी. श्वास सोडण्याचा हा लांब टप्पा महत्त्वाचा आहे, कारण त्या वेळी श्वासपटल वर सरकते आणि पोटाची पुढची भिंत आपले काम पुन्हा करू लागते. पाच मिनिटे, दिवसातून तीन वेळा, किमान चार आठवडे हे करावे. दिवसभर पोट जोराने आत ओढून धरणे मात्र टाळावे. त्याने श्वास छातीत अडकतो.

काही कारणे घरात समोरच असतात आणि तरी सुटतात. मधुमेहावरील मेटफॉर्मिन व अकार्बोज, लोहाच्या गोळ्या, अफूजन्य वेदनाशामके आणि वजन कमी करण्यासाठी घेतली जाणारी नवी इंजेक्शने यांनी पोट फुगू शकते. त्रास औषध सुरू झाल्यानंतर लागला का हे आठवून पाहावे, पण ते आपल्या मनाने बंद करू नये. मासिक पाळीपूर्वीच्या आठवड्यात आतडी मंदावतात आणि शरीरात पाणीही थोडे साठते, त्यामुळे त्या दिवसांतील फुगवट्यावरून आहाराविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये. वहीत पाळीचा दिवस लिहायला सांगितले ते यासाठीच.

घरगुती उपाय कोठे थांबवायचे हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पोट फुगण्यासोबत तीव्र कळा, उलट्या, आणि शौच व वायू दोन्ही बंद होणे हे आतड्याला अडथळा आल्याचे लक्षण असू शकते. तेव्हा चूर्ण, एरंडेल किंवा एनिमा यांपैकी काहीही न करता रुग्णालय गाठावे. छातीच्या मध्यभागी किंवा वरच्या पोटात दाब, त्याबरोबर घाम, धाप, जबडा किंवा हातात कळ, असे असेल तर तो गॅस आहे असे गृहीत धरून ढेकरेची वाट पाहत बसू नये. हृदयविकाराच्या झटक्याला गॅस समजून घालवलेले तास मी पाहिले आहेत आणि ते परत मिळत नाहीत. विनाकारण वजन घटणे, शौचातून रक्त, रक्तक्षय, ताप, कावीळ, झोपेतून उठवणारे दुखणे, शौचाच्या सवयीत नव्याने झालेला बदल, किंवा जवळच्या नातेवाइकांत आतड्याचा अथवा अंडाशयाचा कर्करोग, यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांना लवकर भेटावे. सकाळीही खाली न बसणारे, आठवडेच्या आठवडे वाढत जाणारे पोट हा निराळा विषय आहे. विशेषतः पन्नाशीनंतरच्या स्त्रीचे पोट नव्यानेच महिन्यातून बारापेक्षा अधिक वेळा फुगू लागले, थोडे खाऊन पोट भरू लागले किंवा वारंवार लघवीला होऊ लागले, तर अंडाशयाची तपासणी आधी व्हावी आणि पचनाच्या गोळ्या नंतर.

आपल्यापुरता क्रम असा ठेवावा. पहिल्या आठवड्यात गहू, दूध आणि भिजवून शिजवलेली कडधान्ये थोड्या थोड्या प्रमाणात परत आणून केवळ घेर आणि नोंदी ठेवाव्यात. दुसऱ्या आठवड्यापासून शौचाची वेळ व बसण्याची पद्धत, सावकाश जेवण, जेवणानंतरचे चालणे आणि श्वासाचा व्यायाम सुरू करावेत. या चार गोष्टी एकत्र करण्यास हरकत नाही, कारण त्यांपैकी एकीनेही ताटातले काही कमी होत नाही. चार आठवड्यांनंतर सकाळ-संध्याकाळच्या घेरातील फरक निम्म्यावर आला नसेल, तर मगच एका वेळी एकच शर्करागट कमी करावा, आणि सुरुवात कांदा-लसणापासून करावी, कारण आपण सोडलेल्या यादीत ते नव्हते. दरम्यान सीलिअॅकची तपासणी, आणि झाली नसल्यास थायरॉइडची, उरकून घ्यावी. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांबरोबर ही वहीही न्यावी. त्यांना त्या पाकिटांपेक्षा तिचाच उपयोग जास्त होईल.